लाजाळू मुलांची मैत्री: मित्र किती यापेक्षा एक तरी टिकतोय का, ते पाहा

पालकसभा असते. वर्गशिक्षिका प्रगतिपुस्तक पुढे सरकवतात आणि म्हणतात, "अभ्यासाचा काही प्रश्नच नाही. फक्त कुणात मिसळत नाही. मधल्या सुट्टीतही कोपऱ्यातच असतो." घरी येईपर्यंत आईच्या डोक्यात तेवढं एकच वाक्य फिरत राहतं. रात्री जेवताना चौकशी सुरू होते: तुला मित्र का नाहीत? तू बोलत का नाहीस? ज्याला आधीच बोलायला जड जातं, तो मुलगा आणखी गप्प होतो.

या प्रसंगात सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की लाजाळू मुलाला मित्र नसतात. मुलांच्या मैत्रीवर गेल्या काही दशकांत झालेलं संशोधन वेगळंच सांगतं. निम्म्याहून अधिक लाजाळू मुलांना एखादा तरी जवळचा मित्र असतो. तो मोठ्यांच्या नजरेत भरत नाही, इतकंच. आणि कधीकधी मोठी माणसंच चांगल्या हेतूने ती मैत्री मोडून टाकतात.

लाजाळू मुलांची मैत्री कशी जुळते, कुठे अडते आणि ती जपण्यासाठी घरी आणि शाळेत काय करता येतं, ते समजून घेऊया.

लाजाळू, एकलकोंडा की एकटा पाडलेला?

अशा मुलांसाठी मराठीत शब्दांची कमी नाही. बुजरा, भिडस्त, अबोल, घुमा, मुखदुर्बळ, एकलकोंडा. बोलताना आपण हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरतो. पण सुट्टीत एकटी दिसणारी सगळी मुलं एकाच कारणाने एकटी नसतात. ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात.

* लाजाळू मूल: याला खेळायला जायचं असतं, पण धीर होत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ येन्स आझेनडॉर्फ यांनी १९९० मध्ये हा ओढ आणि भीती यांच्यातला झगडा असल्याचं मांडलं. असं मूल घोळक्याच्या कडेला उभं राहून खेळ बघत असतं. जवळही जात नाही आणि निघूनही जात नाही.
* एकट्यात रमणारं मूल: याला चित्र काढणं, वाचणं, मुंग्यांची रांग बघत बसणं आवडतं. कुणी बोलावलं तर जातं, नाही बोलावलं तरी त्याचं काही अडत नाही. याला भीती नसते, ही त्याची आवड असते.
* एकटं पाडलेलं मूल: याला जायचं असतं, ते जातंही, पण बाकीचे घेत नाहीत. चिडवतात, ढकलतात, "तू नको" म्हणतात.

हा फरक कळला नाही तर उपाय चुकतो. एकट्यात रमणाऱ्या मुलाला बळेच घोळक्यात ढकललं तर त्याचा छळ होतो. एकटं पाडलेल्या मुलाला "तू जरा धीट हो" म्हणणं म्हणजे इतरांची चूक त्याच्या माथी मारणं. लाजाळू मुलाला मात्र नुसतं सोडून देऊन चालत नाही, कारण त्याला मित्र हवा असतो. काही मुलांच्या बाबतीत यातली दोन कारणं एकत्र येतात. लाजाळू मूल प्रतिकार करत नाही, हे वर्गातल्या दांडगट मुलांना लवकर कळतं आणि मग ते एकटंही पाडलं जातं.

हा स्वभाव येतो कुठून?

"लाडावून ठेवलंय", "आजीने बाहेर पाठवलंच नाही", "एकुलता एक ना!" हे आरोप बहुतेक आईवडिलांनी ऐकलेले असतात. संगोपनाचा वाटा असतोच, पण सुरुवात बरीच आधी झालेली असते.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना अनोळखी आवाज, वास आणि समोर हलणारी खेळणी दाखवून त्यांच्या हालचाली नोंदवल्या. साधारण पाचातलं एक बाळ या नव्या गोष्टींनी अस्वस्थ व्हायचं, जोरात हातपाय झाडायचं, रडायचं. ही बाळं मोठी होताना अनोळखी माणसांसमोर बुजण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त दिसली.

पण केगन यांच्याच अभ्यासातली दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. अशी सगळी बाळं पुढे लाजाळू झाली नाहीत. जन्मजात कल असतो, पण तो कुठवर जाईल हे घर, शाळा आणि सोबती यांवर अवलंबून असतं. म्हणजे लाजाळूपणा हा आईबापांचा गुन्हा नाही आणि मुलाच्या कपाळावरची रेघही नाही.

लाजाळू मुलांना मित्र असतात का?

अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातले केनेथ रुबिन यांनी लाजाळू आणि अलिप्त मुलांचा अनेक वर्षं अभ्यास केला. २००६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाचवीतल्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पद्धत सोपी होती. प्रत्येक मुलाने आपल्या सगळ्यात जवळच्या मित्रांची नावं लिहायची. दोघांनी एकमेकांचं नाव लिहिलं असेल, तरच ती मैत्री धरायची.

निष्कर्ष पाहून अनेक शिक्षकांना आश्चर्य वाटेल. असा एकमेकांना निवडलेला मित्र असण्याचं प्रमाण लाजाळू मुलांमध्ये इतर मुलांइतकंच होतं. त्या मैत्री शालेय वर्षभरात टिकण्याचं प्रमाणही जवळपास सारखंच होतं.

मग मोठ्यांना हे दिसत का नाही? कारण आपण मैत्री आवाजावरून ओळखतो. गळ्यात हात टाकून फिरणारी, वाढदिवसाला वीसजणांना बोलावणारी मुलं मित्रवाली वाटतात. एकाच बाकावर बसून न बोलता डब्यातली अर्धी पोळी पलीकडे सरकवणारी दोन मुलं आपल्या नजरेतून सुटतात. लोकप्रिय असणं आणि मित्र असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गात फारसं कुणाच्या लक्षात नसलेल्या मुलालाही एक पक्का मित्र असू शकतो.

कोणाशी जुळतं आणि कुठे अडतं?

त्याच अभ्यासातून आणखी दोन गोष्टी पुढे आल्या, त्या मात्र विचार करायला लावणाऱ्या आहेत.

पहिली, लाजाळू मुलांचे मित्र बहुतेकदा त्यांच्यासारखेच लाजाळू असतात. शिवाय इतरांकडून त्रास सोसणारेही असतात. हे स्वाभाविक आहे. बडबड्या मुलासमोर आपल्याला काही सुचत नाही, पण गप्प बसणाऱ्यासोबत गप्प बसायला दडपण येत नाही.

दुसरी, या मैत्रीचा दर्जा थोडा कमी दिसला. एकमेकांना मदत करणं, मन मोकळं करणं, भांडण झाल्यावर ते मिटवणं या बाबतीत ही मैत्री जरा तोकडी पडते. कारण समजण्यासारखं आहे. रुसवा काढायचा तर कुणीतरी आधी बोलावं लागतं. दोघेही "तो बोलेल मग मी बोलेन" म्हणत बसले, तर छोटासा गैरसमज महिनाभर चालतो. वर्गात एकाला कुणी चिडवलं, तर दुसऱ्याला त्याच्या बाजूने उभं राहायचं असतं, पण पाय उचलत नाही.

म्हणून दोन लाजाळू मुलांची मैत्री आधारही असते आणि कुंपणही होऊ शकते. यावर उपाय ती मैत्री तोडण्याचा नाही. त्या दोघांना अधूनमधून तिसऱ्याची सोबत मिळाली की कुंपणाला फाटक लागतं.

एका मित्राने काय फरक पडतो?

बराच पडतो. अर्नेस्ट हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये चौथी-पाचवीतल्या मुलांचा वर्षभराच्या अंतराने अभ्यास केला. ज्या मुलांना इतर मुलं त्रास देत होती आणि जवळचा मित्र नव्हता, त्यांच्या मनावर आणि वागण्यावर त्या त्रासाचे परिणाम वर्षभरात वाढले. एक जिवलग मित्र असलेल्या मुलांमध्ये तशी वाढ दिसली नाही. त्रास देणारी मुलं तीच, वर्ग तोच. फरक शेजारी बसणाऱ्या एकाचा होता.

२००८ मध्ये रुबिन यांच्याच गटाने पाचवी ते आठवी या काळात मुलांची अलिप्तता कशी बदलते ते तपासलं. बहुतेक मुलं या काळात स्थिर राहिली. काही मुलं हळूहळू मोकळी झाली, तर काही अधिकाधिक कोषात गेली. कोषात जाणाऱ्यांच्या बाबतीत तीन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या: जवळचा मित्र नसणं, मैत्री वारंवार तुटणं आणि इतरांनी वगळणं.

आकड्यांपलीकडे याचा अर्थ साधा आहे. धीट मुलाचा एक मित्र गेला तर त्याच्याकडे आणखी चार असतात. लाजाळू मुलाचा एक गेला तर त्याचं सगळंच जातं. दुसरा मिळवायला त्याला पुन्हा तोच डोंगर चढावा लागतो, आणि पहिल्यांदा चढायलाच दोन वर्षं लागलेली असतात.

पाचवीचं वळण आणि तुकडीची यादी

महाराष्ट्रात हा मुद्दा नेमका एका टप्प्यावर येऊन ठेपतो. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा चौथीपर्यंतच असतात. पाचवीला मुलं हायस्कूलमध्ये जातात. चार वर्षं एकाच गुरुजींसमोर, ओळखीच्या पंचवीसतीस मुलांत बसलेलं मूल अचानक मोठ्या इमारतीत, अनेक तुकड्यांच्या गर्दीत येतं. शहरात वडिलांची बदली, घर बदलणं किंवा बोर्ड बदलणं यांतूनही हेच घडतं.

एरवीही जूनमध्ये नोटीसबोर्डावर तुकड्यांच्या याद्या लागतात, तेव्हा नावं आडनावाने, गुणांनी किंवा पटसंख्येच्या हिशेबाने वाटलेली असतात. "सारखे एकत्रच असतात, वेगळं केलं की बाकीच्यांत मिसळतील" असं म्हणून दोघांना मुद्दाम वेगळ्या तुकडीत किंवा वेगळ्या बाकावर बसवणारे शिक्षकही असतात. हेतू चांगला असतो. पण आधार काढून घेतल्यावर लाजाळू मूल मिसळत नाही, आणखी मागे सरतं. ओळखीचा हात हातात असेल, तर अनोळखी घोळक्याकडे जाणं त्याला जास्त सोपं असतं.

पालकांना इथे एक गोष्ट करता येते. नवीन वर्ष सुरू होण्याआधी शाळेत जाऊन, शक्य असेल तर त्या एका मित्रासोबत एकाच तुकडीत ठेवा, अशी विनंती करायची. शाळा बदलणार असेल, तर जुन्या मित्राची आठवड्यातून एक भेट ठरवून टाकायची.

लाजाळूपणा सगळीकडे दोषच मानतात का?

नाही. याचं ठळक उदाहरण चीनमधलं आहे. शिनयिन चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शांघायमधल्या प्राथमिक शाळांतल्या मुलांचा १९९०, १९९८ आणि २००२ असा तीन वेळा अभ्यास केला. १९९० मध्ये लाजाळू, संवेदनशील मुलं वर्गमित्रांना आवडत होती, शिक्षक त्यांना जबाबदाऱ्या देत होते. १९९८ मध्ये चित्र संमिश्र झालं. २००२ पर्यंत तर उलटलंच. तशीच मुलं आता नाकारली जात होती आणि उदासही होती.

बारा वर्षांत मुलांचा जन्मजात स्वभाव बदलत नाही. बदललं ते भोवतालचं जग. बाजार खुला झाला, स्पर्धा वाढली आणि पुढे होऊन बोलणाऱ्याला किंमत आली.

आपल्या घरांतही याच्या खुणा सापडतील. "फार गुणी, आवाज म्हणून ऐकू येत नाही" हे एकेकाळी कौतुक होतं. त्याच मुलाबद्दल आज "याला व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराला घाला" असा सल्ला मिळतो. मूल कमी पडतंय की आपली मोजपट्टी बदलली आहे, हे एकदा स्वतःला विचारून पाहावं.

घरी काय करता येईल?

* एकालाच बोलवा. वाढदिवसाला अख्खा वर्ग बोलावण्यापेक्षा रविवारी दुपारी एकच मूल घरी आलेलं बरं. आपल्या घरात लाजाळू मूल जास्त मोकळं असतं.
* मध्ये काहीतरी खेळायला ठेवा. कॅरम, पत्ते, पतंग, मातीचा किल्ला. हात गुंतलेले असले की डोळ्याला डोळा भिडवून बोलावं लागत नाही आणि बोलणं आपोआप सुरू होतं. दिवाळीतला किल्ला यासाठी उत्तमच. दगडमाती आणण्यात दोघं रमली की ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.
* वयाने लहान सोबती द्या. वायंडल फर्मन, डॉन राहे आणि विलर्ड हार्टप यांनी १९७९ मध्ये बालवाडीच्या वयातल्या २४ अलिप्त मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना दीडएक वर्षाने लहान मुलासोबत, तर काहींना बरोबरीच्या मुलासोबत वीस-वीस मिनिटं दहा वेळा खेळू दिलं. उरलेल्यांसाठी काहीच केलं नाही. सगळ्यात जास्त मोकळी झाली ती लहानांसोबत खेळलेली मुलं. लहानासमोर पुढाकार घ्यायची संधी मिळते आणि कुणी हसेल ही भीती नसते. आपल्याकडे चाळीत, वाडीत, सोसायटीत अशी लहान भावंडं मिळायला अवघड नाही.
* थोडं लवकर पोचवा. कार्यक्रमाला, शिबिराला गर्दी जमायच्या आधी गेलं की मूल एकेकाला येताना बघतं. भरलेल्या हॉलमध्ये शिरणं त्याला फार कठीण जातं.
* त्याच्या वतीने उत्तरं देऊ नका. "नाव काय तुझं?" असं कुणी विचारलं की पाच सेकंद थांबा. शांतता मोठ्यांना खुपते, म्हणून आपण घाई करतो.
* शिक्का मारू नका. "आमचा ना, फार लाजाळू आहे" हे मुलाच्या देखत रोज म्हटलं की ते त्यालाही पटतं. त्याऐवजी "त्याला ओळख व्हायला थोडा वेळ लागतो" म्हणा. अर्थ जवळपास तोच, पण यात पुढे जायला वाट आहे.

शाळेत काय करता येईल?

* गट पाडायचं काम मुलांवर सोपवू नका. दोन कॅप्टन एकेकाला निवडतात, तेव्हा शेवटी उरणारं मूल नेहमी तेच असतं. गट शिक्षकांनीच पाडावेत आणि लाजाळू मुलाच्या गटात त्याचा मित्र आणि एक समजूतदार, बोलकं मूल ठेवावं.
* अख्ख्या वर्गासमोर बोलायला लावण्याआधी जोडीत बोलू द्या. आधी शेजाऱ्याला सांगा, मग चौघांत, मग वर्गात.
* ठरलेलं काम द्या. ग्रंथालयातली पुस्तकं वाटणं, झाडांना पाणी घालणं, पोषण आहाराच्या वेळी वाढायला मदत करणं. काम असलं की इतरांशी बोलायला कारण मिळतं.
* गप्प मुलांची आठवण ठेवा. दंगा करणाऱ्याकडे लक्ष जातंच. दिवसभरात कुणाचं नाव एकदाही घेतलं गेलं नाही, हे घरी जाताना एक मिनिट आठवून पाहा.

मोबाइलवरची मैत्री खरी असते का?

नेदरलँड्समधले संशोधक पट्टी व्हल्केनबर्ग आणि योखन पीटर यांनी २००७ मध्ये दाखवलं, की आधीच ओळखीच्या असलेल्या मित्रांशी ऑनलाइन बोलल्याने मुलांची जवळीक वाढते. समोरासमोर बोलताना बावरणाऱ्या मुलांना मनातलं लिहून सांगणं सोपं वाटतं. म्हणजे वर्गातल्या मित्राला संध्याकाळी पाठवलेला मेसेज हा वेळेचा अपव्ययच असतो असं नाही. मात्र पूर्णपणे अनोळखी व्यक्तींशी होणारी "मैत्री" वेगळी. तिथे मोठ्यांचं लक्ष हवंच.

आणि एक गोष्ट आपण, सोशल मीडिया वापरणाऱ्या मोठ्यांसाठी. स्नेहसंमेलनात स्टेजवर थिजलेलं, पाहुण्यांसमोर आईच्या ओढणीमागे लपलेलं मूल बघायला गोड वाटतं, म्हणून त्याचा व्हिडिओ टाकला जातो. चारचौघांच्या नजरेला घाबरणाऱ्या मुलाला आपण त्या क्षणी चारशे जणांसमोर उभं करतो. उद्या तोच व्हिडिओ वर्गाच्या ग्रुपवर फिरू शकतो.

मदत कधी घ्यावी?

लाजाळूपणा हा आजार नाही. पण पुढच्या गोष्टी काही आठवडे सतत दिसत असतील, तर शाळेचे समुपदेशक, बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला हवं:

* शाळेच्या सकाळी रोज पोटात किंवा डोक्यात दुखणं आणि सुट्टीच्या दिवशी ते नसणं
* शाळेत जायला ठाम नकार
* घरी भरपूर बोलणारं मूल शाळेत महिनोन् महिने एक शब्दही न बोलणं
* झोप, भूक, आवडीचे खेळ यांत झालेला बदल
* अंगावर खुणा, हरवलेल्या वस्तू, फाटलेल्या वह्या
* "मी कुणालाच नको आहे" अशी भाषा

सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी मोफत उपलब्ध आहे. मुलाला कुणी त्रास देत असेल, तर चाइल्डलाइनच्या १०९८ वर मदत मागता येते.

थोडक्यात

लाजाळूच्या झाडाला हात लावला की पानं मिटतात. ती पुन्हा उघडावीत म्हणून कुणी बोटांनी ओढत नाही. थोडा वेळ थांबलं की ती आपली आपण उघडतात.

मूल शाळेतून आल्यावर "आज किती नवीन मित्र झाले?" असं विचारू नका. "आज डबा कुणाबरोबर खाल्लास?" असं विचारा. उत्तरात एकच नाव आलं आणि उद्या पुन्हा तेच आलं, तर काळजीचं कारण नाही. त्या नावाच्या मुलाला येत्या रविवारी घरी बोलवा.